जेवणाचा लिलाव नको, पंगत बसू द्या!

मोठ्या माणसाशेजारी बसून जेवायची संधी बोली लावून विकली जाते, तेव्हा नेमकं काय विकलं जातं? आणि फुलसावंगीसारख्या गावातल्या पोरापोरींना तेच हवं असेल, तर ते कोणत्या भावात मिळतं?

समजा, तुमच्या कॉलेजात एका चांगल्या कामासाठी लिलाव ठेवलाय. कुणाच्या ऑपरेशनचा खर्च आहे किंवा वसतिगृहातल्या मुलींच्या मेसचे थकलेले पैसे आहेत. लिलावात तीन बक्षिसं आहेत. एका क्रिकेटपटूची बॅट, एका नटाने सही केलेलं पोस्टर आणि एका नामवंत चित्रपट समीक्षकासोबत रात्रीचं जेवण. खरं सांगा, तुम्ही कशावर बोली लावाल?

बॅट जाईल. पोस्टरसाठीही कुणीतरी हजारभर रुपये काढेल. पण समीक्षक? मागच्या बाकावरून लगेच आवाज येईल, 'त्याच्यासोबत जेवून करायचं काय? पिक्चर बघायचा की नाही ते आपण ट्रेलर बघून ठरवतो. साडेतीन स्टार देणाऱ्या माणसाला तीनशे रुपये कशाला द्यायचे?' सगळे हसतील.

हसा की. पण हा लेख त्या तिसऱ्या बक्षिसाबद्दलच आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिन्हींत सगळ्यात मोलाचं बक्षीस तेच आहे. आणि म्हणूनच त्याचा असा लिलाव होऊ नये.

दीडशे कोटींचं दुपारचं जेवण

माणसासोबतच्या जेवणाचा लिलाव ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेत सामाजिक संस्था निधी उभारायला नट, लेखक, खेळाडू, उद्योजक यांच्यासोबतचं जेवण किंवा कॉफी सर्रास लिलावात ठेवतात. २०१३ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक यांच्यासोबत कॉफी पिण्यासाठी एकाने ६ लाख १० हजार डॉलर मोजले. कॉफीचे हं!

सगळ्यात गाजलेलं जेवण मात्र गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं. २००० सालापासून त्यांच्यासोबतच्या दुपारच्या जेवणाचा लिलाव व्हायचा आणि पैसे जायचे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ग्लाइड' या संस्थेला. ही संस्था बेघरांना आणि गरिबांना जेवू घालते, आसरा देते. पहिल्या वर्षी २५ हजार डॉलर आले होते. २०२२ मध्ये शेवटचा लिलाव झाला, तेव्हा बोली गेली १ कोटी ९० लाख डॉलरवर. त्या वेळच्या दराने जवळजवळ दीडशे कोटी रुपये. सगळे लिलाव मिळून संस्थेला ५ कोटी ३० लाख डॉलरच्या वर मिळाले. किती भुकेल्या पोटांत ते अन्न गेलं असेल, विचार करा. त्यामुळे 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून या लिलावाला नाक मुरडायचं काही कारण नाही.

या जेवणाची एक गोष्ट आपल्या जवळची आहे. २००७ चा लिलाव मुंबईत जन्मलेले मोहनीश पब्राय आणि त्यांचे मित्र गाय स्पायर यांनी मिळून जिंकला, ६ लाख ५० हजार १०० डॉलरला. हेच पब्राय 'दक्षणा' ही संस्था चालवतात. गरीब घरातल्या हुशार मुलामुलींना आयआयटी आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची तयारी ही संस्था फुकट करून देते. तिचं एक मोठं केंद्र पुण्याजवळ आहे. स्पायर यांनी पुढे पुस्तक लिहिलं आणि त्या जेवणातून आपण काय शिकलो ते सगळ्यांना सांगितलं. म्हणजे जेवले मोजके लोक, पण त्याची चव थोडीफार बाहेरही आली.

आता दुसरी गोष्ट ऐका. टेड वेशलर नावाच्या गृहस्थांनी २०१० आणि २०११ असे सलग दोन लिलाव जिंकले. दोन्ही मिळून ५२ लाख डॉलरच्या वर गेले. पुढे काय झालं? बफेंनी त्यांना आपल्या कंपनीत नोकरीच दिली. प्लेसमेंटची वाट बघत बसलेल्यांनो, या मुलाखतीची फी बघितलीत?

वेशलर हुशार होते, कमावते होते, नोकरी त्यांना गुणांवरच मिळाली असणार. पण गुण दाखवायला समोर बसावं तर लागतं! आणि त्या खुर्चीचा भाव होता वीस कोटी रुपयांहून जास्त. लिलावातली खोट इथे आहे. ज्याला त्या खुर्चीची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच बोली लावू शकत नाही. जो बोली लावू शकतो, त्याला तशाही शंभर ठिकाणी खुर्च्या मिळतात. पैसे चांगल्या कामाला जातात हे खरंच, पण ती संध्याकाळ पुन्हा पैसेवाल्याकडेच जाते.

ताटात काय असतं?

पण समीक्षकासोबतच्या जेवणात असं असतं तरी काय? इथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. रॉजर एबर्ट. शिकागोच्या 'सन-टाइम्स' या दैनिकात १९६७ पासून ते सिनेमावर लिहायचे. १९७५ मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. चित्रपट समीक्षेसाठी हा पुरस्कार मिळालेले ते पहिलेच. टीव्हीवर अंगठा वर किंवा खाली करून सिनेमाचा निकाल देणारी त्यांची पद्धत तर जगभर गाजली.

२००६ मध्ये कॅन्सरच्या शस्त्रक्रियांनंतर त्यांचा खालचा जबडा गेला. बोलणं गेलं, खाणं-पिणं गेलं. पुढे २०१३ मध्ये जाईपर्यंत नळीवाटे अन्न घेत आणि टाइप करून बोलत त्यांनी काम चालू ठेवलं. लिहिणं तर आधीपेक्षा वाढलं. २०१० मध्ये त्यांनी आपल्या न जेवण्यावर एक लेख लिहिला. त्यात सांगितलं की पदार्थांची आठवण येते, पण त्यांची फार उणीव भासत नाही. उणीव भासते ती टेबलाभोवतीच्या गप्पांची. थट्टा, वाद, जुन्या आठवणी, एकमेकांचं बोलणं तोडणं, सगळ्याची.

जेवणाच्या लिलावात काय विकतात, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. ताट निमित्तमात्र असतं. विकला जातो तो एका जाणकार माणसाचा निवांत वेळ. भाषणात तो मिळत नाही, मुलाखतीत मिळत नाही, रीलमध्ये तर नाहीच नाही. भाषणात माणूस त्याला माहीत असलेलं बोलतो. जेवताना तो तुम्हाला विचारतो, 'तुला का आवडला हा पिक्चर?' तुम्ही म्हणता, 'मस्त होता.' तो पुढची भाकर मोडत म्हणतो, 'मस्त म्हणजे काय?' आणि त्या दुसऱ्या प्रश्नापाशी तुमचं खरं शिक्षण सुरू होतं.

बोली न लावता होणारा लिलाव

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे कुठे असं जेवण विकतात?

विकत नाहीत, बरोबर. आपल्याकडे ते फुकटात जातं. स्नेहसंमेलन आठवा, कुठल्याही कॉलेजचं. नागपूर-पुण्याहून पाहुणे येतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक. पाहुण्यांचं भाषण सुरू होईपर्यंत निम्मी मुलं बाहेर पार्किंगमध्ये. भाषण संपलं की 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत', मग आभार, मग राष्ट्रगीत. आणि पाहुण्यांचं जेवण? ते आत, केबिनमध्ये. संस्थेचे पदाधिकारी, गावातले चार प्रतिष्ठित आणि एखादे पुढारी यांच्यासोबत. मुलं बाहेर खुर्च्या उचलतात.

त्या केबिनमध्ये पाहुण्याला काय विचारलं जात असेल? 'प्रवास कसा झाला?' 'अमुक हिरॉइनला तुम्ही भेटलात का?' 'भाजी घ्या ना अजून.' यात वाईट कुणीच नाही. सगळे पाहुणचारच करत असतात. पण एका जाणकार माणसाचा सगळ्यात मोलाचा तास अशा रीतीने ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्यात संपतो. तिकडे ती खुर्ची निदान पैसे मोजून तरी मिळते आणि त्या पैशातून कुणाचं पोट भरतं. इकडे ती पदावर मिळते आणि त्यातून कुणाचंच काही होत नाही. मग सांगा, कोणता लिलाव जास्त महागात पडला?

फुलसावंगीत हा प्रश्न का विचारायचा?

महागाव तालुक्यातलं फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं होतं. तुमच्यातल्या अनेकांना ती बातमी पाठ असेल. गावातल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने स्वतःच्या हातांनी एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं होतं. शाळा आठवीपर्यंत. काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं. शिकायला हाताशी यूट्यूब. दोन वर्षं तो त्यावर खपत होता. रात्रीच्या चाचणीत पंख्याचं पातं तुटलं, डोक्याला लागलं आणि तो गेला. बातम्यांनी त्याला नाव दिलं 'रँचो'. '३ इडियट्स' मधला रँचो.

त्याला वेळेवर कुणी जाणकार भेटला असता तर तो वाचला असता, असं म्हणणं फार सोपं आहे. मी ते म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या धाडसावर घरी बसून शेरे मारू नयेत. पण त्या बातमीनंतर 'केवढी ही जिद्द' म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले आणि पुढे सरकलो, ते मला खटकतं. कारण त्या बातमीत एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्याबद्दल फार कुणी बोललं नाही.

बघा ना. एका बाजूला सिनेमा होता, स्वप्न दाखवणारा. दुसऱ्या बाजूला यूट्यूब होतं, नट कुठे आवळायचा ते दाखवणारं. या दोघांच्या मध्ये एक माणूस लागतो. तुमच्यासमोर बसून 'दाखव बघू काय केलंस' म्हणणारा. कौतुक करणारा आणि त्याच दमात 'हे थांबव, आधी हे तपास' असं सांगणारा. यूट्यूबला तुम्ही प्रश्न विचारू शकता, यूट्यूब तुम्हाला प्रश्न विचारत नाही. मोठ्या शहरातल्या मुलाला असा माणूस काकांच्या ओळखीत सापडतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सापडतो. फुलसावंगीतून एसटी पकडून महागाव-पुसदला कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तो कुठे सापडायचा? पुसदला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, यवतमाळला मेडिकल कॉलेज आहे. इमारती आहेत. पण इमारतीत जाणं वेगळं आणि त्यातल्या माणसासोबत बसून बोलणं वेगळं.

म्हणून मला या 'जेवणा'बद्दल इतकं बोलायचं आहे. समीक्षक हे फक्त एक उदाहरण आहे. तिथे इंजिनिअर ठेवा, वकील ठेवा, कापसाच्या बियाण्यावर संशोधन करणारी शास्त्रज्ञ ठेवा. खुर्चीचा प्रश्न तोच राहतो.

'थांबा!' म्हणायचा हक्क

तरीही उदाहरण समीक्षकाचंच का धरलं? कारण डॉक्टर-इंजिनिअरची गरज आपल्याला कळते, समीक्षकाची कळत नाही. आणि आपण दिवसभर बघत असतो ते मात्र सिनेमा, सीरिज, रील्सच.

एबर्ट यांचा एक खेळ होता. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या विद्यापीठात ते दरवर्षी एक सिनेमा घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी तो सलग बघायचा. पुढच्या दिवसांत तोच सिनेमा पुन्हा, पण या वेळी अंधारात बसलेला कुणीही ओरडू शकायचा, 'थांबा!' चित्र तिथेच थांबायचं. ओरडणाऱ्याने सांगायचं, त्याला काय दिसलं. मग बाकीचे बोलायचे. एबर्ट स्वतः सांगायचे की समोरच्या गर्दीत कुणीतरी असा निघतोच, ज्याला ती एक गोष्ट समीक्षकापेक्षा जास्त कळते.

हा खेळ आपण '३ इडियट्स' वर खेळून बघू. २००९ चा सिनेमा. दिग्दर्शक राजकुमार हिरानी, आपल्या नागपूरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले ते एडिटिंग, म्हणजे संकलन. आता तो प्रसंग आठवा. पाऊस, लाईट गेलेली, बाळंतपण अडलेलं आणि रँचो एका रात्रीत इन्व्हर्टर आणि व्हॅक्यूमचं यंत्र जमवून बाळ जगात आणतो. टाळ्या, शिट्ट्या, डोळ्यांत पाणी. थांबा!

यंत्र बनवणाऱ्या माणसाचा बहुतेक वेळ कशात जातो? न चालणाऱ्या यंत्रात. तो वेळ पडद्यावर कुठे गेला? तो कापला गेला. संकलन म्हणजेच वेळ कापणं. पावणेतीन तासांत दहा वर्षं बसवायची तर अपयशाचे महिने कापावेच लागतात. ही दिग्दर्शकाची चूक नव्हे, माध्यमाची रीत आहे. पण बघणाऱ्याला ती रीत माहीत पाहिजे. आणि हेही आठवा की याच सिनेमात उडणारं यंत्र बनवणारा आणखी एक विद्यार्थी आहे, जॉय लोबो. त्याला मुदत वाढवून मिळत नाही, कुणी ऐकून घेत नाही आणि त्याचं यंत्र आकाशात उडतं तेव्हा तो जिवंत नसतो. आपल्या लक्षात 'ऑल इज वेल' राहिलं. लोबो किती जणांच्या लक्षात राहिला? एखादा समीक्षक जेवताना एवढंच विचारेल आणि घास तुमच्या हातात राहील.

आता उलटी बाजू. सतीश मनवर यांचा २००९ चाच मराठी सिनेमा आहे, 'गाभ्रीचा पाऊस'. विदर्भातलं शेतकरी कुटुंब. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर एका बाईच्या मनात भीती बसते की आपला नवराही तसंच करेल. ती त्याच्यावर नजर ठेवते, पोराला त्याच्या मागेमागे पाठवते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ते जोडपं उभं केलं आहे. मुंबई-पुण्याचा समीक्षक या सिनेमातल्या कॅमेऱ्याबद्दल, अभिनयाबद्दल तुम्हाला खूप सांगेल. पण दुबार पेरणी म्हणजे घरात काय होतं, ढगाकडे बघून माणूस शिवी का देतो, कृषी केंद्राची उधारी मागायला माणूस दारात आला की आई कोणत्या आवाजात बोलते, हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच. त्या टेबलावर तो जेवढा देणारा आहे तेवढाच घेणारा आहे. आपण गावातले, आपल्याला काय कळतं, असं म्हणून हात आखडून बसलात तर दोघांचंही ताट अर्धं राहील.

हे सगळं आपल्याकडे झालेलंच नाही असं नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर यांनी सिनेमा वाचायचा कसा, हे कित्येक पिढ्यांना शिकवलं. 'पथेर पांचाली' ते दृश्यागणिक उलगडून दाखवायचे. मुंबईत १९६८ मध्ये 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झालं. त्याचे सुधीर नांदगावकर कॉलेजाकॉलेजात फिल्म सोसायट्या निघाव्यात म्हणून आयुष्यभर धडपडले. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा रसास्वादाचा महिनाभराचा कोर्स पुण्यात वर्षानुवर्षं होत आला. प्रश्न एवढाच की ही गाडी पुसद-उमरखेडच्या स्टँडवर फारशी थांबली नाही.

लाडू, मानापमान आणि पंगत

मग लिलाव बंद करायचे का? नाही. पण आपल्याकडच्या जुन्या रीती जरा बघू.

पैनगंगेपलीकडे तेलंगण. तिथे हैदराबादजवळच्या बाळापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव होतो. १९९४ मध्ये तो ४५० रुपयांना गेला होता, २०२४ मध्ये ३० लाख १ हजार रुपयांना. आकडा डोळे पांढरे करणारा आहे. पण लाडू घेणारा तो एकटा खात नाही. नातेवाईक, शेजारी यांच्यात तो वाटला जातो, शेतातही टाकला जातो. आपल्याकडेही देवाच्या नारळाचा, देवीच्या साडीचा लिलाव होतोच. बोली एकाची, प्रसाद सगळ्यांचा. हा साधा नियम आहे.

दुसरी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन वेगवेगळ्या नाटक मंडळ्यांचे दोन सम्राट, एका रंगमंचावर. एक भामिनी, एक धैर्यधर. त्या काळात एखाद्या धनिकाने 'दोघांना माझ्या वाड्यावर गाऊ द्या, हवे तेवढे पैसे देतो' म्हटलं असतं तर फंडाला कदाचित तेवढेच पैसे मिळाले असते. पण मग ती रात्र एका वाड्याची झाली असती. ती झाली भरलेल्या नाट्यगृहाची, म्हणून अजून तिच्याबद्दल बोललं जातं. मदतीचा प्रयोग ही आपली रीत आहे. पैसे सगळ्यांचे आणि गाणंही सगळ्यांचं.

तिसरी गोष्ट तर तुमच्या रोजच्या माहितीतली. गावात सप्ताह असतो, भंडारा असतो. 'आजची पंगत अमक्यांकडून' असं माइकवरून सांगतात. तो अमका स्वतः वाढप्यांत असतो, वांग्याच्या भाजीची बादली घेऊन ओळीतून फिरतो. त्याचा मान वाढण्यात असतो, जेवण्यात नाही.

मग बोली कशाची लावायची?

इथेच मला उत्तर दिसतं. लिलाव ठेवा, जोरात ठेवा. पण जेवायच्या हक्काची बोली लावू नका. जेवू घालायच्या मानाची लावा.

म्हणजे कसं? समजा, तुम्ही एका समीक्षकाला बोलावलं. 'या पाहुण्यासोबतची पोरांची पंगत कुणाकडून?' ही बोली. कृषी केंद्रवाले भाऊ, पुण्यात नोकरीला लागलेली माजी विद्यार्थिनी, गावातले डॉक्टर, ज्याला वाटेल त्याने बोली लावावी. जो जास्त देईल, त्याच्या नावाने पंगत. त्यातून जेवणाचा खर्च जाऊन उरतील ते सगळे पैसे ज्या कामासाठी लिलाव आहे त्या कामाला. आणि पंगतीत बसणार कोण? त्याची बोली प्रश्नांची. प्रत्येकाने आधी ठरलेला सिनेमा बघायचा आणि एका कागदावर एकच प्रश्न लिहून द्यायचा. नाव मागच्या बाजूला. ज्यांचे प्रश्न सगळ्यात चांगले, ते पाहुण्याच्या शेजारी आणि समोर. बाकीचे त्याच पंगतीत, त्याच ओळीत. पदाधिकारीही बसतील, त्यांनीही प्रश्न लिहून द्यावा!

प्रश्नांची बोली लावल्याने एक गोष्ट होते. खिशात काय आहे याला अर्थ उरत नाही. डोक्यात काय आहे याला उरतो. जिची घरची परिस्थिती सगळ्यात नाजूक आहे, ती मुलगी पाहुण्याच्या बरोबर समोर बसू शकते.

काही गोष्टी मात्र नीट करा. पहिली, पाहुण्याला फुकट बोलावू नका. शाल-श्रीफळावर कुणाचं घर चालत नाही. माणसाच्या वेळेला किंमत असते, एवढं तरी त्या अमेरिकन लिलावांकडून शिकू. साठ जणांनी शंभर-शंभर रुपये वर्गणी काढली तर सहा हजार होतात. प्रवास आणि मानधन यांचं आधीच विचारून घ्या, स्पष्ट बोला. ज्याला शंभर जमत नाहीत त्याच्याकडून घेऊ नका आणि ते कुणाला कळूही देऊ नका. दुसरी, सिनेमा चारचौघांत दाखवायला हक्कदारांची परवानगी लागते, ती कॉलेजमार्फत मागा. पेनड्राइव्हवरचा चोरून आणलेला पिक्चर समीक्षकाला दाखवलात तर जेवण गोड लागणार नाही. तिसरी, सेल्फी शेवटी. ताट वाढल्यावर मोबाइल पिशवीत. आणि चौथी, हॉटेल नको. वसतिगृहाच्या अंगणात रोडगे आणि वांग्याची भाजी पुरे.

आणि कुणी आलंच नाही तर? मोठ्या नावाचा समीक्षक यवतमाळच्या टोकाला यायला कदाचित तयार होणार नाही. मग काय, थांबायचं? चार मित्र-मैत्रिणी जमवा, एक लॅपटॉप, एक सिनेमा. कुणीही 'थांबा' म्हणेल आणि का म्हणाला ते सांगेल. 'मस्त होता' आणि 'बकवास होता' या दोन वाक्यांवर त्या दिवसापुरती बंदी. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत तुमच्यातच एकजण असा निघेल, ज्याच्या प्रश्नाने सगळे गप्प होतील. मग समीक्षकाला पत्र लिहा. 'आमच्याकडे या' असं लिहिण्यापेक्षा 'आम्हाला या प्रसंगाबद्दल हे वाटलं, तुम्हाला काय वाटतं?' असं लिहा. चांगला प्रश्न घेऊन आलेल्या पत्राला उत्तर द्यायचा मोह जाणकार माणसाला आवरत नाही.

एवढं सगळं करून लगेच काय मिळेल? मार्क वाढणार नाहीत, पॅकेज मिळणार नाही. पण आपल्या स्वप्नांतली अर्धीअधिक स्वप्नं पडद्यावरून आलेली असतात. पडद्याने त्यातलं काय दाखवलं आणि काय कापलं, हे विचारायची सवय लागली तर ती सवय पुढे वर्कशॉपमध्येही जाते, शेतातही जाते, निवडणुकीच्या सभेतही जाते. कुणीतरी मोठं स्वप्न घेऊन एकटाच पत्रा कापत बसला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि 'दाखव बघू' म्हणायचं, हेही त्याच सवयीतून सुचतं.

तेव्हा पुढच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांची पानं केबिनमध्ये मांडायला कुणी निघालं, तर हात वर करा आणि मोठ्याने म्हणा, 'थांबा!' आणि एक चटई बाहेर अंथरा.